सातेरीच्या पेटीला पूरक आहार: काय द्यावे, केव्हा द्यावे आणि केव्हा हात आखडता घ्यावा

जूनच्या मध्यावर मुंबईत पावसाची पहिली मोठी झड लागते आणि चार-चार दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात मधपेटी ठेवलेल्या नवख्या मधपाळाला एकच काळजी लागते की, माशा आत काय खात असतील. या काळजीपोटी कोणी पेटीत साखरेचा पाक ओततो, कोणी डाळीचे पीठ ठेवतो, कोणी माणसांसाठीच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या कुटून पाकात मिसळतो, आणि भुकेने मेली नसती अशी वसाहत या माऱ्याला कंटाळून पेटी सोडून निघून जाते. ज्यांच्याकडे एक ते पाच पेट्या आहेत आणि ज्यांचा हा पहिला किंवा दुसरा पावसाळा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात मला मुख्यतः एक गोष्ट ठसवायची आहे: पूरक आहार हा वसाहतीत जे कमी पडले आहे तेवढेच भरून काढण्यासाठी असतो, आणि काय कमी पडले आहे ते पेटीतील पोळे धरणारी लाकडी चौकट उचलून पाहिल्याखेरीज कळत नाही.

येथे लिहिलेले सर्व काही सातेरी माशीविषयी आहे. ही आपल्याकडची, पेटीत नांदणारी देशी माशी. इमारतींच्या सज्जांखाली मोठे मोहोळ लावणारी आग्या माशी आणि झुडपात तळहाताएवढे पोळे बांधणारी फुलोरी माशी यांना पेटीत ठेवता येत नाही आणि त्यांना खाऊ घालण्याच्या फंदातही पडू नये. त्या आपला हंगाम पाहून जागा बदलत असतात.

माशीला काय लागते

माशीच्या खाण्याचे दोन भाग आहेत आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. पहिला भाग मकरंदाचा, ज्याचा पुढे मध होतो. त्यातून तिला उडण्यासाठी, मेण घडवण्यासाठी आणि पिलाव्याला, म्हणजे पोळ्यात वाढणाऱ्या पिलांना, ऊब देण्यासाठी शक्ती मिळते. दुसरा भाग परागाचा, ज्यातून प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि क्षार मिळतात. प्रौढ कामकरी माशी नुसत्या साखरेवर बरेच दिवस तग धरते, परंतु साखरेतून नवी माशी घडत नाही. कोषातून नुकतीच बाहेर आलेली कामकरी पहिले काही दिवस पोटभर पराग खाते, त्या बळावर तिच्या डोक्यातील ग्रंथी भरतात, आणि त्या ग्रंथींतून पाझरणारी पांढरी जेली ती अळ्यांना व राणीला भरवते. पराग आटला की जेली आटते, जेली आटली की राणीची अंडी कमी होतात, आणि तीन-चार आठवड्यांनी वसाहतीत म्हाताऱ्या माशाच उरतात.

याच परागातून माशीच्या शरीरातील चरबीच्या पेशींत विटेलोजेनिन नावाचे प्रथिन साठते. ते भरपूर असलेली माशी अधिक दिवस जगते आणि रोगांना अधिक काळ तोंड देते. वसाहतीचे आरोग्य आणि आहार यांचा खरा सांधा हा आहे, म्हणून आहाराचा विचार करताना साखरेच्या पलीकडे पाहणे भाग पडते.

सगळा पराग सारख्या मोलाचा नसतो. काही फुलांच्या परागात प्रथिने १० टक्क्यांहूनही कमी असतात, काहींमध्ये ती ३० टक्क्यांच्या वर जातात. डी ग्रूट या डच संशोधकाने १९५३ साली दाखवून दिले की, मधमाशीला दहा अमिनो आम्ले आहारातूनच मिळावी लागतात, आणि एखाद्या झाडाच्या परागात त्यांतील एखादे कमी असले तर बाकीची भरपूर असूनही पुरेशी उपयोगी पडत नाहीत. म्हणून चार झाडांचा मिश्र पराग एकाच झाडाच्या ढीगभर परागापेक्षा बरा. त्याखेरीज माशीला स्टेरॉल नावाचे स्निग्ध घटक लागतात, जे तिचे शरीर स्वतः बनवू शकत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी जनुकीय बदल केलेल्या यीस्टकडून परागातील सहा प्रमुख स्टेरॉले तयार करून घेतली आणि ती माशांच्या खाद्यात मिसळली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात, हे खाद्य मिळालेल्या वसाहतींत कोषावस्थेपर्यंत पोहोचलेल्या अळ्यांची संख्या, ते न मिळालेल्या वसाहतींच्या मानाने, १५ पटींपर्यंत अधिक भरली. आपण घरी मळतो त्या सोयाबीनच्या किंवा डाळीच्या पिठात माशीला हवी ती स्टेरॉले पुरेशी नसतात. त्यामुळे अशा पिठावर वसाहत काही आठवडे निभावून नेता येते, वर्षभर पोसता येत नाही.

पहिली पायरी: चौकट वाचणे

पावसाची उघडीप पाहून सकाळी ११ ते दुपारी ३ च्या दरम्यान पेटी उघडावी. दाराच्या समोर उभे न राहता मागे किंवा बाजूला उभे राहावे, धूर दोन-तीन फुंकांपुरताच द्यावा, आणि मधली चौकट उचलून अशी धरावी की उजेड आपल्या खांद्यावरून थेट पोळ्यातील षटकोनी घरांच्या तळाशी पडेल. निरोगी आणि पोटभर खाणाऱ्या सातेरीच्या चौकटीत मध्यभागी पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि झाकलेले कोष असतात. त्याच्याभोवती कमानीसारखा परागाचा पट्टा असतो, ज्यात पिवळी, नारिंगी, राखाडी, कधी विटकरी अशी घरे शेजारी-शेजारी दिसतात. आणि सर्वांत वर मधाची कड असते.

आता सर्वांत लहान अळ्या शोधाव्यात. स्वल्पविरामाएवढी अळी घराच्या तळाशी दुधाळ जेलीच्या थेंबात पडून चकाकताना दिसली, तर परिचारिका माशांच्या, म्हणजे अळ्यांना भरवणाऱ्या तरुण कामकऱ्यांच्या, पोटात प्रथिने आहेत असे समजावे. अळीभोवतीचा तळ कोरडा दिसत असेल, अंडी आहेत पण अळ्या नाहीत असे दिसत असेल, किंवा पिलाव्याच्या मधोमध रिकामी घरे विखुरलेली असतील, तर प्रथिनांची ओढाताण सुरू झाल्याचा संशय घ्यावा. टंचाईत माशा स्वतःचीच अंडी आणि लहान अळ्या खाऊन त्यांतील प्रथिने परत मिळवतात. नवख्याला हे पाहून धक्का बसतो, परंतु वसाहत वाचवण्याची ही त्यांची जुनी रीत आहे. दाराशी ओढून टाकलेले नर दिसणे, हीदेखील टंचाईची खूण आहे.

या पाहणीतून चार चित्रे निघतात. मध आहे आणि पराग आहे, तर पेटी बंद करून खाली उतरावे. मध नाही पण पराग येतो आहे, तर साखरेचा पाक द्यावा. मध आहे पण परागाचा पट्टा पुसट झाला आहे, तर परागाला पर्याय द्यायचा की थांबायचे हे महिना पाहून ठरवावे. आणि दोन्ही नसतील तर आधी पाक, तो घेतला गेला की मग पीठ, हा क्रम पाळावा, कारण उपाशी माशी पिठाला तोंड लावत नाही.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी हे केले नाही. मुलुंडला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे तोंड असलेल्या गच्चीवर माझी पेटी होती आणि पावसात ती उघडू नये एवढेच मला ठाऊक होते. मी दर तिसऱ्या दिवशी अर्धा लिटर पाक देत राहिलो. सप्टेंबरच्या सुरुवातीला पेटी उघडली, तेव्हा आठपैकी सहा चौकटी पाकाने काठोकाठ भरल्या होत्या, राणीला अंडी घालायला जागा उरली नव्हती आणि परागाचे एकही घर दिसत नव्हते. दहाव्या दिवशी पेटी रिकामी झाली. त्या वसाहतीला साखर कमी पडलीच नव्हती, आणि मी मात्र तीन महिने तिला साखरच देत होतो.

दुसरी पायरी: आपल्या भागाचा फुलोरा जाणणे

मुंबई ही माशीसाठी वाटते तेवढी उजाड जागा नाही. डिसेंबर ते मे या काळात आंबा, काटेसावर, पांगारा, शिरीष, करंज, जांभूळ, सोनमोहोर अशी झाडे एकामागून एक फुलतात, खाडीकाठी तिवर फुलते, आणि नारळ व शेवगा जवळजवळ वर्षभर थोडाथोडा हातभार लावतात. अडचण आहे ती जून ते सप्टेंबरची. फुले काही प्रमाणात तेव्हाही असतात, परंतु पाऊस मकरंद धुऊन नेतो, पराग भिजवतो आणि माशीला बाहेर पडू देत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस डोंगरउतारावर तेरडा आणि कुर्डू फुलतात, कुंपणांवरची अँटिगोनॉनची गुलाबी वेल माशांनी घुमू लागते, मग सप्तपर्णी येते आणि घडी बसू लागते.

मात्र आरे किंवा येऊरच्या जवळची पेटी आणि दादरच्या चार इमारतींमधली पेटी यांचे हे वेळापत्रक एक नसते. ज्यांच्या पेट्या कर्जत, मुरबाड किंवा डहाणूच्या वाडीत आहेत, त्यांचे तर आणखी वेगळे. म्हणून वही ठेवावी आणि त्यात दर आठवड्याला दोनच गोष्टी लिहाव्यात: पाच मिनिटांत किती माशा पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन आल्या, आणि त्या गोळ्यांचा रंग कोणता होता. एक वर्षाची अशी वही कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

टंचाईच्या खुणा पेटीबाहेरही दिसतात. माशा रसवंतीच्या चरकावर, मिठाईच्या दुकानाच्या काचेवर घोंघावू लागल्या तर मकरंद आटला आहे. एका जुलैत आमच्या गल्लीतील पिठाच्या गिरणीच्या दारात मी सातेरीच्या माशा पाहिल्या. त्या उंबऱ्यावर साचलेल्या पिठात लोळत होत्या आणि मागच्या पायांवर पांढरट गोळ्या बांधून उडत होत्या. गव्हाच्या पिठात त्यांच्या कामाचे फारसे काही नसते, तरीही परागाच्या ओढीने त्या ते घरी नेत होत्या. त्या संध्याकाळी मी पेटी उघडली, तर परागाचा पट्टा जवळजवळ संपला होता.

तिसरी पायरी: साखरेचा पाक

पाकासाठी साधी, पांढरी, दाणेदार साखर आणि स्वच्छ पाणी लागते. याशिवाय काहीही लागत नाही. गूळ, काकवी, खांडसरी किंवा तपकिरी साखर देऊ नये, कारण त्यांतील न पचणारे घटक आणि क्षार माशीच्या आतड्यात साठतात आणि पावसामुळे बाहेर पडता न येणाऱ्या माशांना हगवण लागते. बाजारातील आयसिंग शुगरमध्ये बहुधा मक्याचे पीठ मिसळलेले असते, म्हणून दळलेली साखर हवी असल्यास ती घरीच मिक्सरवर दळावी.

पाणी गरम करून गॅस बंद करावा, मग साखर घालून विरघळेपर्यंत ढवळावे. पाक उकळत ठेवू नये आणि त्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालू नये. आम्ल आणि उष्णता यांच्या संयोगाने साखरेपासून हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल नावाचे द्रव्य तयार होते, जे माशांना विषारी आहे. लिंबू पिळल्याने साखर पचायला सोपी होते हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. माशीच्या ग्रंथींतील विकर हे काम स्वतः करते, तिला आपल्या लिंबाची गरज नाही. जुना, पिवळसर झालेला पाकही याच कारणाने फेकून द्यावा.

प्रमाण दोन प्रकारचे असते. १ किलो साखरेला १ लिटर पाणी हा पातळ पाक. तो मकरंदासारखा असल्याने राणीला अंडी घालण्यास उत्तेजन मिळते. २ किलो साखरेला १ लिटर पाणी हा दाट पाक, तो साठवणीसाठी. मुंबईच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पातळ पाकातील पाणी आटवणे माशांना जड जाते आणि तो लवकर आंबतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये द्यावाच लागला तर मी दाट पाक देतो, आणि पातळ पाक ऑगस्टच्या अखेरीनंतरच वापरतो. आपल्याकडे टंचाईच्या काळात सातेरीच्या एका वसाहतीला आठवड्याला सुमारे २०० ग्रॅम साखरेचा समप्रमाणातील पाक देण्याची शिफारस रूढ आहे. तो साधारण सव्वातीनशे मिलिलिटर भरतो. वसाहत लहान असेल तर याहून कमी द्यावा. दिलेला पाक दोन रात्रींत संपला नाही, तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे.

पाक देण्याचे भांडे हा चैनीचा विषय नाही, कारण पाकात बुडून मेलेल्या माशा मी अनेक नवख्यांच्या पेट्यांत पाहिल्या आहेत. सर्वांत सोपा उपाय म्हणजे नारळाची स्वच्छ करवंटी किंवा उथळ वाटी, आणि तिच्यात वाळक्या काड्यांची दाट मोळी, जेणेकरून माशीचे पाय नेहमी काडीवर राहतील. दुसरा उपाय म्हणजे झाकणाला बारीक खिळ्याने सहा-सात छिद्रे पाडलेली काचेची लहान बरणी. ती पाकाने पूर्ण भरून आधी बादलीवर उलटी धरावी. चार-पाच थेंब गळून गळणे थांबले की ती चौकटींवर दोन पट्ट्यांच्या आधाराने उलटी ठेवावी आणि भोवती रिकामा कक्ष चढवून झाकण लावावे. अर्धी भरलेली बरणी उन्हात ठेवू नये, कारण आतली हवा तापून पसरते आणि पाक पिलाव्यावर गळतो.

पाक नेहमी पेटीच्या आत आणि अंधार पडता-पडता द्यावा. उघड्यावर परात ठेवल्यास एका तासात आजूबाजूच्या सर्व माशा, गांधीलमाशा आणि मुंग्या जमतात, बलवान वसाहती दुबळ्या वसाहतींना लुटू लागतात, रोग एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातात, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी दुसऱ्याच दिवशी सचिवांकडे तक्रार करतात. शहरात पेटी ठेवण्याची परवानगी शेजाऱ्यांच्या विश्वासावर टिकते, आणि तो विश्वास अशा एका परातीने जातो. सांडलेला थेंब ओल्या फडक्याने पुसावा, पेटीचे दार एक-दोन माशा मावतील इतके लहान करावे.

मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची पद्धत गावाकडे ठीक आहे. मुंबईत त्या वाट्या डेंग्यूच्या डासांची पैदास करतात आणि महानगरपालिकेचे कर्मचारी साचलेले पाणी तपासायला येतात, म्हणून वाटीत वापरलेले तेल घालावे किंवा पायांना ग्रीसचा रुंद पट्टा लावावा. माशांच्या पिण्याच्या पाण्याचे पसरट भांडे मात्र हवेच. त्यात खडे घालावेत, पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून एकदा भांडे घासून कोरडे करावे.

चौथी पायरी: परागाला पर्याय

येथे घाई सर्वांत महाग पडते. जुलैच्या धो-धो पावसात राणी आपणहून अंडी कमी करते, कारण पिले वाढवली तर त्यांना घालायला काही नाही हे वसाहत ओळखते. अशा वेळी प्रथिने देऊन तिला भरीस घातले तर खाणारी तोंडे वाढतात आणि बाहेरून आवक शून्यच राहते. सातेरीच्या अंड्यापासून कामकरी बाहेर पडायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि ती फुलांवर जायला लागेपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे ज्या फुलोऱ्यासाठी सैन्य उभे करायचे, त्याच्या सहा आठवडे आधी पीठ सुरू करायला हवे. ऑक्टोबरच्या मध्यावर परागाची आवक सुधारते असे माझी वही सांगते, म्हणून मी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करतो. आपली वही वेगळे सांगत असेल तर तिचेच ऐकावे.

जगभर सर्वाधिक वापरलेले जुने मिश्रण म्हणजे तीन भाग सोयाबीनचे पीठ, एक भाग ब्रुअर्स यीस्ट आणि एक भाग साय काढलेल्या दुधाची भुकटी. मी त्यातील दुधाची भुकटी वगळतो, कारण दुधातील लॅक्टोज माशीला पचत नाही. सोयाबीनचे पीठ तेल काढलेले आणि भाजलेले असावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. तसे पीठ न मिळाल्यास पंढरपुरी डाळे बारीक दळून वस्त्रगाळ करून घ्यावे, जे आपल्या किराणा दुकानात सहज मिळते आणि माशा बऱ्यापैकी खातात. सोयाबीन आणि हरभरा या दोहोंत माशीला न मानवणाऱ्या काही शर्करा असतातच, म्हणून ही पिठे थोडी आणि थोडेच दिवस द्यावीत. यीस्ट निष्क्रिय केलेले ब्रुअर्स यीस्टच हवे. पाव फुगवण्याचे जिवंत यीस्ट चालत नाही.

पीठ आणि यीस्ट कोरडे एकत्र चाळून त्यात दाट पाक थोडाथोडा घालत मळावे. पुरणपोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट, बोटाला न चिकटणारा, पण दाबल्यावर तडा न जाणारा गोळा झाला की थांबावे. हा गोळा झाकून रात्रभर ठेवल्यास पीठ पाक शोषून घेते आणि सकाळी तो बहुधा कोरडा झालेला असतो. तेव्हा चमचाभर पाक घालून पुन्हा मळावा. चार-पाच चौकटींवर माशा असलेल्या वसाहतीला मोठ्या लिंबाएवढा गोळा पुरतो. तो बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून पापडासारखा चपटा करावा, खालच्या कागदाला चार-पाच चिरा द्याव्यात आणि पिलाव्याच्या चौकटींवर थेट ठेवावा. पिलाव्यापासून दोन चौकटी दूर ठेवलेल्या पिठाकडे परिचारिका माशा वळत नाहीत.

मुंबईच्या दमट हवेत या पिठाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी येते, आणि उरलेल्या पिठात मेणकिड्याला व मुंग्यांना आमंत्रण मिळते. तिसऱ्या दिवशी उरलेले पीठ काढून टाकावे आणि पुढच्या वेळी निम्मे द्यावे. माशांनी पीठ कुरतडून दाराबाहेर भुकटी टाकलेली दिसली, तर त्यांनी ते खाल्ले नाही, केरासारखे झाडून काढले आहे. म्हणून पीठ संपले की नाही यावरून अंदाज बांधू नये. आठ-दहा दिवसांनी पुन्हा चौकट उचलून लहान अळीभोवतीची जेली पाहावी. ती वाढली असेल तर आहार लागू पडला.

आपल्याच निरोगी वसाहतीचा, हंगामात परागसापळ्याने गोळा करून फ्रीझरमध्ये ठेवलेला पराग दहावा हिस्सा मिसळला तर माशा हे पीठ अधिक आवडीने खातात. बाजारातील पराग किंवा दुकानातील मध मात्र कधीही पेटीत घालू नये. मध कोणत्या वसाहतीतून आला हे आपल्याला ठाऊक नसते, आणि अमेरिकन फाउलब्रूडसारख्या रोगाचे बीजाणू मधात अनेक दशके जिवंत राहतात. फ्रीझरमुळे पराग टिकतो, त्यातील रोगजंतू मरत नाहीत.

बाटल्या, भुकट्या आणि औषधे

माझ्याकडे एका विक्रेत्याने एकदा माशांच्या टॉनिकची भुकटी मोठ्या विश्वासाने दिली. डब्यावर माशीचे सुंदर चित्र होते, फायदे बारा लिहिले होते, आणि घटकांची यादी कुठेच नव्हती. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: घटक, त्यांचे प्रमाण आणि उत्पादनाची तारीख छापलेली नसेल तर ती वस्तू पेटीजवळ न्यायची नाही.

माणसांची जीवनसत्त्वे माशांना द्यायचे कारण नाही. माशीला ब गटातील जीवनसत्त्वे लागतात, ती परागातून आणि यीस्टमधून मिळतात. मीठ आणि क्षारांचे प्रमाण वाढले तर आयुष्य उलट घटते. तुळस, हळद, ओवा यांचे काढे पाकात घालण्याचा मोह अनेकांना होतो. मी ते घालत नाही, कारण उग्र वासाने पाक तसाच पडून राहतो आणि आंबतो. प्रोबायोटिकांबाबतही सावध राहावे. माशीच्या आतड्यात तिचे स्वतःचे ठरावीक जीवाणू असतात, ते तिला पोळ्यातील इतर माशांकडून मिळतात, आणि दह्यातील किंवा माणसांच्या कॅप्सूलमधील जीवाणू तेथे वस्ती करत नाहीत.

प्रतिजैविके हा पूरक आहार मुळीच नाही, तरीही काही जण ती प्रतिबंध म्हणून पाकात मिसळतात. टेट्रासायक्लिनच्या प्रयोगांत असे आढळले आहे की, त्यामुळे माशीच्या आतड्यातील उपयुक्त जीवाणू घटतात आणि औषध घेतलेल्या माशा नंतर अधिक संख्येने मरतात. शिवाय औषधाचे अंश मधात उतरतात, आणि तो मध आपल्याच घरातली मुले खातात.

भूक की आजार

कितीही चांगल्या आहाराने बरा होत नाही असा सातेरीचा आजार म्हणजे थाई सॅकब्रूड. १९९१-९२ च्या सुमारास या विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या होत्या. यात अळी कोष होण्याच्या आधी, घरात डोके वर करून ताठ मरते. चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लोंबते आणि वाळल्यावर होडीच्या आकाराची खपली होते. भुकेने मेलेल्या पिलाव्यात या पिशव्या दिसत नाहीत. हा संशय आला की त्या पेटीतील चौकट, पाकाची वाटी किंवा हत्यार दुसऱ्या पेटीत न्यायचे नाही, हात धुवायचे, आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडे विचारणा करायची. अशा वसाहतीला मोजका पाक देऊन बळ टिकवता येते, परंतु पीठ देऊन पिलावा वाढवणे म्हणजे विषाणूला नवी पिले पुरवणे आहे. या काळात पिलाव्यात खंड पडलेलाच बरा.

पाचवी पायरी: थांबणे

दाराशी पाच मिनिटांत वीस-पंचवीस माशा रंगीत गोळ्या घेऊन येताना दिसू लागल्या आणि परागाचा पट्टा दोन बोटे रुंद झाला, की पीठ त्याच दिवशी बंद करावे. खरा पराग येत असताना पीठ देणे म्हणजे त्यात भेसळ करणे आहे. पाक बंद करण्याची वेळ याहून कडक पाळावी. मध कक्ष, म्हणजे मध साठवण्यासाठीचा पेटीचा वरचा मजला, चढवण्याच्या किमान तीन आठवडे आधी शेवटचा पाक द्यावा, आणि पिलाव्याच्या कक्षात पाकाने भरलेली चौकट उरली असेल तर ती तेथेच ठेवावी. मध काढताना तिला हात लावू नये. साखरेचा पाक मधात उतरला तर तो मध राहत नाही, आणि आपल्या देशातील मधाच्या मानकांनुसार होणाऱ्या तपासणीत उसाची साखर पकडली जाते.

मग करवंट्या आणि बरण्या गरम पाण्याने व सोड्याने धुऊन उन्हात वाळवाव्यात, आणि वहीत शेवटचा पाक व शेवटचे पीठ कोणत्या तारखेला दिले ते पेटीच्या क्रमांकासह लिहून ठेवावे. पुढच्या ऑगस्टमध्ये पहिली चौकट उचलण्यापूर्वी तेच पान उघडायचे आहे.